१८३० की १८३१? ओलियमच्या एका टँकरचं प्रकरण

या प्रकरणाच्या चौकशीत मी कारखान्याच्या बाजूने सुरक्षा सल्लागार म्हणून बसलो होतो. कोणाचीही ओळख पटू नये म्हणून गावं, अंतरं आणि वेळा थोड्या बदलल्या आहेत. घटनाक्रम आणि निर्णय मात्र घडले तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

ठाणे-पालघर पट्ट्यातला मध्यम आकाराचा कारखाना. तिथे ९८ टक्के सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि २३ टक्के ओलियमही. ओलियम म्हणजे सल्फ्युरिक आम्लातच जादा सल्फर ट्रायऑक्साइड विरघळवलेला. २३ टक्के ओलियम म्हणजे शंभर किलोत तेवीस किलो मोकळा ट्रायऑक्साइड. रंगांचे कच्चे पदार्थ आणि डिटर्जंट बनवणाऱ्यांना तो लागतो. हा माल नियमितपणे मुंबई-गोवा महामार्गाने कोकणातल्या एका रासायनिक वसाहतीत जायचा.

नात्याने दोन्ही द्रव सख्खे, स्वभावाने फार वेगळे. ९८ टक्के आम्ल नेहमीच्या तापमानाला उघड्यावर ठेवलं तरी फारसा धूर सोडत नाही. ओलियमला हवेतला दमटपणा लागला की दाट पांढरा धूर उठतो, आणि तो धूर म्हणजे आम्लाचे अतिसूक्ष्म थेंब असतात. पाणी थेट पडलं तर द्रव उसळतो. दिल्लीत ४ डिसेंबर १९८५ रोजी झालेली गळती याच ओलियमची होती. त्या गळतीच्या खटल्यातूनच सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगांसाठी ‘संपूर्ण दायित्वा’चं, म्हणजे अपघाताची भरपाई कोणतीही सबब न सांगता उद्योगानेच द्यायची, हे तत्त्व घालून दिलं.

वाहतुकीच्या कागदावर या दोघांत एका अंकाचा फरक आहे. सल्फ्युरिक आम्लाचा यूएन क्रमांक, म्हणजे धोकादायक माल ओळखायचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, १८३०, ओलियमचा १८३१. पहिलं वर्ग ८ म्हणजे क्षरणकारी. दुसरंही वर्ग ८ मधलंच, पण त्याला ६.१ म्हणजे विषारी असा उपधोका जोडलेला आहे. हॅझकेम संकेत, म्हणजे अपघातात काय करायचं हे अग्निशमन दलाला थोडक्यात सांगणारी खूण, पाहिला तर फरक आणखी ठळक होतो. १८३० साठी ‘२ पी’, म्हणजे पाण्याचा बारीक फवारा मारा, पातळ करून वाहू द्या. १८३१ साठी ‘४ डब्ल्यू ई’, म्हणजे पाणी लावू नका, कोरडा पदार्थ वापरा, गळालेलं अडवून धरा आणि आसपासच्या लोकांना हलवण्याचा विचार करा. एका अंकाने अग्निशमन दलाला दिलेली सूचना पार उलटी होते.

संध्याकाळी गेटवर

जुलैतला दिवस होता. ओलियमसाठी ठरलेला टँकर वाटेत बंद पडला. वाहतूकदाराने साडेपाचला दुसरा पाठवला. हा टँकर एरवी दुसऱ्याच एका कारखान्याचं ९८ टक्के आम्ल वाहायचा. दोन्ही बाजूंना आणि मागे असे त्याच्यावर तीन पॅनेल रंगवलेले होते. नाव ‘सल्फ्युरिक ॲसिड’, क्रमांक १८३०, संकटकाळी फोन करायचा नंबर त्या दुसऱ्या कारखान्याचा.

डिस्पॅचच्या अधिकाऱ्याला हे दिसलं होतं. चौकशीत त्याने ते लपवलं नाही, आणि याचं मला आजही कौतुक वाटतं. ‘पॅनेल बघितलं सर. म्हटलं, ॲसिडच आहे ना शेवटी.’

असं वाटायला एक कारण कागदांनीच पुरवलं होतं. जीएसटीसाठीच्या एचएसएन, म्हणजे मालाच्या सांकेतिक क्रमांकांच्या, वर्गवारीत २८०७ हा चार अंकी शीर्षक्रमांक सल्फ्युरिक आम्ल आणि ओलियम या दोघांना मिळून एकच आहे. कारखान्याच्या संगणकात ट्रेम कार्डाचा, म्हणजे मालाचे धोके आणि अपघातात काय करायचं ते सांगणाऱ्या, चालकाजवळ ठेवायच्या माहितीपत्राचा नमुना याच क्रमांकाशी जोडलेला होता. २८०७ टाकलं की सल्फ्युरिक आम्लाचं कार्ड छापून यायचं. ओलियमचं कार्ड वेगळ्या फोल्डरमधून हाताने काढावं लागे. नेहमीच्या टँकरच्या केबिनमध्ये जुनं, बरोबर कार्ड कायम असायचं, म्हणून ही खोच कितीतरी महिने कोणाच्या लक्षातच आली नव्हती.

त्या रात्री गाडीबरोबर निघालेले कागद असे होते. बिलावर ‘ओलियम २३ टक्के’. ई-वे बिलावर २८०७. वाहतूकदाराच्या बिल्टीवर ‘सल्फ्युरिक ॲसिड’. ट्रेम कार्ड सल्फ्युरिक आम्लाचं, तेही फक्त इंग्रजीत. टँकरच्या अंगावर १८३०. पाचांपैकी एकाच कागदाने मालाचं खरं नाव सांगितलं होतं, आणि अपघाताच्या जागी बिल पाहायचं सहसा कोणाला सुचत नाही.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, टँकर परत पाठवायचा. पण ओलियम पोहोचलं नाही तर माल घेणाऱ्या, पलीकडच्या कारखान्याचा सल्फोनेशनचा, म्हणजे ओलियम वापरून चालणाऱ्या प्रक्रियेचा, घाणा सकाळी थांबणार होता, आणि त्यांच्या खरेदी विभागाचे दुपारपासून तीन फोन येऊन गेले होते.

दुसरा, टँकर तपासून, पॅनेल बदलून मग भरायचा. पेंटर पाच वाजता घरी गेला होता. छापील पॅनेल स्टोअरमध्ये होती, स्टोअरला कुलूप होतं आणि किल्ली शिफ्ट इन्चार्जकडे. अर्ध्या-पाऊण तासाचं काम होतं.

तिसरा, भरून सोडायचा. तोच निवडला गेला.

नियमांची भाषा इथे बरीच स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये १२९ पासून १३७ पर्यंतचे नियम याच विषयावर आहेत. नियम १३१ नुसार वाहन योग्य आहे हे बघणं आणि मालाची पूर्ण, पुरेशी माहिती देणं ही माल पाठवणाऱ्याची जबाबदारी. १३२ वाहतूकदारावर आणि गाडीमालकावर जबाबदारी टाकतो, १३३ चालकावर. माहितीपत्र म्हणजे ट्रेम कार्ड केबिनमध्ये हाताशी असलंच पाहिजे. पॅनेल कसं असावं ते १३४ सांगतो. मालाचं अचूक तांत्रिक नाव किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, यूएन क्रमांक किमान १०० मिलिमीटर उंचीच्या अंकांत, वर्गाचं चिन्ह किमान २५० मिलिमीटर चौरस, शिवाय संकटसेवेचा आणि माल पाठवणाऱ्याचा किंवा जाणकार माणसाचा फोन. ही मापं कोणाला किचकट वाटतील. रात्री पावसात, धुरातून, लांब उभं राहून वाचायचा आकडा म्हणून त्यांच्याकडे पाहिलं की ती बरोबर वाटू लागतात.

इथे एक गोष्ट सगळ्यांच्याच नजरेतून सुटली, आणि चौकशीच्या पहिल्या दिवशी माझ्याही. आम्ही चुकीच्या पॅनेलकडे कागदाची चूक म्हणून पाहत होतो. खरं तर ते पॅनेल टँकरचा इतिहास सांगत होतं. १८३० रंगवलेला टँकर म्हणजे १८३० साठीच जपलेला टँकर. त्याच्या तळाच्या व्हॉल्व्हपुढच्या टोपणाला रबरी गॅस्केट, म्हणजे सांधा गळू नये म्हणून मधे बसवायची चकती, होतं. सल्फ्युरिक आम्लात ते कितीतरी फेऱ्या तगलं होतं. ओलियमच्या गाड्यांना तिथे टेफ्लॉनचं गॅस्केट असायचं. व्हॉल्व्ह किंचित झिरपत होता, ओलियम टोपणापर्यंत पोहोचलं, आणि जे रबर महिनोन्‌महिने टिकलं होतं ते पाच-सहा तासांत गेलं.

रात्री दीडची टपरी

टँकर साडेआठला निघाला. रायगड जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका हॉटेलसमोर चालकाने चहासाठी गाडी लावली तेव्हा दीड वाजला होता आणि पावसाची झड सुरू होती. मागच्या बाजूने पांढरा धूर येताना आधी क्लीनरला दिसला.

चालक मूळचा बीडचा. परवान्यावर धोकादायक मालाची नोंद होती आणि ती चालू होती. २०१९ च्या दुरुस्तीपासून अशा परवान्याची मुदत तीन वर्षांची झाली; नूतनीकरणापूर्वी एक दिवसाची उजळणी त्याआधीपासूनच सक्तीची होती. ती उजळणीही त्याने केली होती. त्याने गाडीमालकाला फोन लावला. मालक म्हणाला, ‘थांब तिथंच. कुणाला काही सांगू नको, मेकॅनिक पाठवतो.’

पहिली पंचवीस मिनिटं इथे गेली. नियम १३६ म्हणतो की चालकाने जवळच्या पोलीस ठाण्याला विनाविलंब कळवायचं आणि मालकालाही. पण पगार देणाऱ्याचं ऐकायचं की नियमाचं, हा प्रश्न त्या वेळी, त्या माणसापुढे सोपा नसतो. शेवटी ११२ ला फोन केला तो हॉटेलवाल्याने, डोळे चुरचुरायला लागल्यावर.

आधी हवालदार आले. त्यांनी पॅनेलवरच्या नंबरला फोन लावला. पलीकडे त्या दुसऱ्या कारखान्याचा रखवालदार होता. ‘आमची गाडी आज निघालेलीच नाही,’ एवढं सांगून त्याने फोन ठेवला. रखवालदार खरंच बोलत होता. पण त्यामुळे गाडी चोरीची तर नाही ना, असा नवाच संशय उभा राहिला आणि चालकाच्या बोलण्याची किंमत आणखी घसरली.

पाण्याचा निर्णय

वसाहतीतल्या अग्निशमन केंद्राचा बंब पावणेतीनच्या सुमारास पोहोचला. अधिकाऱ्याने बॅटरीच्या उजेडात पॅनेल वाचलं: १८३०, २ पी. त्याच्या प्रशिक्षणानुसार उत्तर तयार होतं, बारीक फवारा मारा. होज उलगडायला सुरुवातही झाली.

चालक पुढे आला. ‘साहेब, पाणी नका मारू. भरताना त्यांनी सांगितलंय मला, ह्याला पाणी लागलं की उसळतंय.’

‘कोणी सांगितलं?’

‘भरणाऱ्यानं. दोनदा सांगितलंय.’

कारखान्यात भरण्याच्या जागी काम करणारा ऑपरेटर जुना माणूस. कागद त्याच्या हातात नव्हते. पण प्रत्येक चालकाला तोंडी ताकीद दिल्याशिवाय तो गाडी सोडत नसे. या सगळ्या साखळीत धडधाकट राहिलेला हा एकच दुवा.

अधिकाऱ्यासमोर आता तीन रस्ते होते. पॅनेलवर विश्वास ठेवून गळतीवर फवारा. चालकावर विश्वास ठेवून पाणी पूर्ण बंद. किंवा कारखान्याचे जाणकार येईपर्यंत नुसतं थांबणं. त्याने होज थांबवली आणि ‘ड्रायव्हरदादा, बिल दाखव’ म्हणून बिल मागितलं. ‘ओलियम’ हा शब्द वाचला. मग पुन्हा धुराकडे पाहिलं. नंतर त्याने आम्हाला सांगितलं, ‘नुसतं सल्फ्युरिक असतं तर एवढा धूर आलाच नसता. पॅनेल खोटं बोलेल, धूर कसा बोलेल?’

त्याने बंब वाऱ्याच्या वरच्या अंगाला घेतला. वाऱ्याच्या खाली, दोन-तीनशे मीटरवर एक वाडी होती. हवालदारांनी तिथल्या चाळीसेक माणसांना उठवून पलीकडच्या शाळेत नेलं. फवारा मारला, पण वाडीच्या बाजूला, धुराच्या आडवा पडदा म्हणून, आणि टँकरखालच्या थारोळ्यापासून बराच दूर. धूर पाण्यात बसतो, फक्त द्रवाला पाणी लागता कामा नये. गळतीवरचा पाऊस अडवायला हॉटेलच्या ताडपत्र्या बांबूंवर ताणल्या. कोरडी वाळू कुठून आणायची हा प्रश्न होता, कारण जुलैत कोकणात उघड्यावरची वाळू ओलीच. हॉटेलच्या मागच्या शेडमध्ये बांधकामासाठी क्रश सँडची, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूची, पोती रचलेली होती. त्यांचा बांध घालून थारोळं अडवलं.

बंब आल्यापासून हे सगळं उभं राहीपर्यंत वीस-बावीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात धूर वाडीत शिरला होता. बंब समोर उभा असून पाणी का मारत नाहीत म्हणून लोक संतापले. घरात लहान मुलं खोकत असताना तो संताप येणारच. तरी अधिकाऱ्याने होज रोखली तो क्षण या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय होता, असं मी ठामपणे म्हणतो. ‘२ पी’ वाचून फवारा थेट गळतीवर गेला असता तर टँकरखाली वाकलेल्या दोन जवानांच्या अंगावर ओलियम उडालं असतं.

कारखान्याचं पथक सव्वाचारला पोहोचलं. श्वसनयंत्रं घालून दोघांनी टोपण काढलं आणि टेफ्लॉनच्या गॅस्केटसह ब्लाइंड फ्लँज, म्हणजे तोंड पूर्ण बंद करणारी धातूची चकती, बसवला. गळती थांबली. टँकरवरच्या पेटीत चालकाला काय मिळालं होतं, तर एक गॉगल आणि सुती हातमोजे. सुरुवातीला टोपण आवळायला गेला तेव्हा त्याचं मनगट भाजलं ते त्या सुती हातमोज्यातूनच. वाडीतल्या सहा जणांना १०८ ने रुग्णालयात नेलं आणि संध्याकाळी घरी सोडलं.

पुढे न्यायचा की तिथेच रिकामा करायचा

गळती थांबली, तरी पोटात ओलियम भरलेला टँकर रस्त्याकडेला उभाच होता. दुसरा, योग्य टँकर मागवून माल तिथेच हलवायचा, की दुरुस्त झालेला टँकर बंबाच्या सोबतीने माल घेणाऱ्या कारखान्यापर्यंत न्यायचा, यावर तासभर वाद झाला. पाऊस चालू असताना उघड्यावर ओलियम हलवणं म्हणजे आणखी दोन जोडण्या उघडणं. दुसरीकडे, संशयास्पद व्हॉल्व्हची गाडी वस्तीतून नेणं. उजाडल्यावर पावसाने उघडीप दिली आणि सोबतीने नेण्याचं ठरलं. पथकाने १८३१ ची छापील पॅनेल आणली होती. ओल्या पत्र्यावर ती चिकटेनात, तेव्हा चालकाने एका हाताने सुतळीने ती बांधली. गाडी ताशी वीसच्या वेगाने नेली आणि दहाच्या सुमारास रिकामी केली.

हा निर्णय बरोबर होता का, यावर आमच्या समितीत एकमत झालं नाही. मी विरोधात होतो. व्हॉल्व्ह झिरपतो हे ठाऊक असताना सगळा भरवसा एका ब्लाइंड फ्लँजवर होता. उघडीप दुपारपर्यंत टिकेल असा अंदाज होता, तेवढ्यात योग्य टँकर पोहोचू शकला असता. सोबतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा असा होता की तोवर महामार्ग बंद ठेवावा लागला असता, आणि अडकलेल्या गाड्यांच्या रांगेत आणखी एक अपघात झाला असता तर? त्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नव्हतं.

आम्लाने भिजलेली वाळू

ज्याचा कोणी विचार केला नव्हता तो भाग नंतर आला. आम्ल शोषलेली सुमारे दोन टन वाळू आणि माती ताडपत्रीखाली पडून होती. ती आता धोकादायक कचरा झाली होती. ती कोणाची? वाहतूकदार म्हणे मालाच्या मालकाची, कारखाना म्हणे गाडी ज्याची त्याची. तीन दिवस यात गेले, आणि कोकणातल्या जुलैत तीन दिवस म्हणजे बरंच पाणी. शेवटी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाशी बोलून कारखान्याने स्वतः ‘पाठवणारा’ म्हणून सही केली.

घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार नमुना १० चा मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या प्रवासाचा नोंदपत्रक, सात प्रतींत भरावा लागतो. पांढरी प्रत पाठवणाऱ्याने मंडळाला द्यायची, पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन स्वतःकडे ठेवायची, उरलेल्या पाच गाडीबरोबर जातात. कचरा पोहोचल्यावर गुलाबी प्रत घेणाऱ्याकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी मंडळाला जाते आणि निळी पाठवणाऱ्याकडे परत येते. राखाडी प्रत कचरा परराज्यातून आलेला असेल तरच लागते. निळी प्रत परत येईपर्यंत पाठवणाऱ्याने प्रकरण मिटलं असं समजू नये. इथे ती बारा दिवसांनी आली.

पोलिसांनी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(३) खाली गुन्हा नोंदवला. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा हजार रुपये. वाडीतल्या उपचारांचा आणि वाळू हलवण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट झाला.

वेगळं काय करता आलं असतं

गेटवर पाऊण तास काढता आला असता. पण नुसतं ‘काळजी घ्यायला हवी होती’ म्हणून डिस्पॅचच्या अधिकाऱ्याला दोष देणं मला पटत नाही. त्याच्याकडे अठरा रकान्यांची तपासणी यादी होती आणि ‘पॅनेल आहे का?’ या रकान्यात त्याने खूण केली होती. पॅनेल होतंच! प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता. आता त्या रकान्यात खूण चालत नाही. गेटवरच्या माणसाने टँकरपाशी जाऊन तिन्ही पॅनेलवरचे चार-चार अंक वाचून हाताने लिहायचे, आणि भरण्याच्या जागी ऑपरेटरने बिलावरून स्वतंत्रपणे लिहायचे. दोन्ही जुळल्याशिवाय भरण्याचा व्हॉल्व्ह उघडत नाही.

ट्रेम कार्ड एचएसएनपासून तोडून थेट मालाच्या नावाला जोडलं आणि ते मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापायला सुरुवात केली. बदली टँकर घ्यायचा तर आधीच्या तीन फेऱ्यांत कोणता माल होता आणि गॅस्केट कशाचं आहे, हे वाहतूकदाराने लेखी द्यायचं. पॅनेलवर रखवालदाराऐवजी शिफ्ट इन्चार्जचा चोवीस तास चालू असलेला फोन आला. वाहतूकदाराच्या करारात एक कलम वाढवलं: गळती दिसली की चालकाने आधी ११२ ला कळवायचं, मग मालकाला, आणि त्याबद्दल त्याच्या पगारातून काहीही कापायचं नाही. हे कलम घालायला सगळ्यात जास्त घासाघीस करावी लागली.

जुन्या ऑपरेटरच्या तोंडी ताकिदीचं काय करायचं, हाही प्रश्न आला. कोणीतरी सुचवलं की ती आता कार्डावर आहेच, तर बंद करावी. ऑपरेटरने नकार दिला आणि आम्ही त्याच्या बाजूने उभे राहिलो.

नव्या पद्धतीच्या पहिल्या महिन्यात तीन टँकर गेटवरून परत गेले. दोघांच्या एका बाजूच्या पॅनेलवर वेगळाच क्रमांक होता. तिसऱ्याचे तिन्ही आकडे बरोबर होते, पण गॅस्केटचा कागद नव्हता. त्या दिवशी पलीकडचा कारखाना अर्धा दिवस बंद राहिला. खरेदी विभागाचा फोन आला तेव्हा तो डिस्पॅचच्या त्याच अधिकाऱ्याने घेतला.